भट्टीवरची जागा

चेरुकडव,
६ फेब्रुवारी १९८९

प्रिय अच्युतेट्टा,

हे पत्र तू उघडणार नाहीस. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखशील, ते फळीवर ठेवशील आणि अंघोळीला निघून जाशील. वहिनी उघडतील, आणि तू जेवायला बसल्यावर, ताटावरून उठता येणार नाही अशा वेळी मोठ्याने वाचून दाखवतील. म्हणून आधी त्यांनाच सांगते. भार्गवी वहिनी, भात वाढून झाला की मगच सुरुवात करा आणि मधलं काही गाळू नका, त्याला लागेल असं आलं तरी.

बारा वर्षं झाली, एट्टा, आपण बहीण-भाऊ बोललो नाही. अम्मा होती तोवर तिच्या पत्रांतून तुला माझं आणि मला तुझं कळत राहिलं. ती सांगायची, मी लिहायचे, आणि 'कार्त्यायनी बरी आहे' हे वाक्य आलं की हात अडखळायचा. तुझ्या उत्तरात 'घरातल्या सगळ्यांना विचारलं म्हणून सांग' असं असायचं. घरात अम्मा आणि मी दोघीच. अम्मा म्हणायची, "सगळे म्हणजे तू गं बाई. दोघांनी मिळून भिंत बांधलीत आणि मला तिची खिडकी केलंत." ती गेली तेव्हा तू आलास. फणसाखाली दुपारभर उभा होतास. मी पाण्याचा तांब्या घेऊन तीनदा आतून निघाले आणि तिन्ही वेळा तो दुसऱ्याच कुणाच्या हातात दिला. पाणी तुला मिळालं, पण माझ्या हातून नाही. हे तुझ्या लक्षात आलं होतं का, ते मला आजवर माहीत नाही.

आधी इकडची खबर देते. नदीवर पूल झाला, होडी बंद पडली. लाकडं रचणारा कणारन ऐंशीचा झाला. काम सुटलं, तरी रोज सकाळी आपल्या कौलांच्या कारखान्याच्या फाटकाशी येऊन बसतो आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला उशीर झाल्याचं सुनावतो, वेळेवर आलेल्यालासुद्धा. गावात निम्म्या घरांना आता सिमेंटचा स्लॅब आहे. आखातातून पैसा आला की पहिल्यांदा कौलं उतरतात. तुझ्या घरालाही स्लॅबच आहे म्हणे. भट्टीवर कौलं भाजून केस पांढरे झालेल्या माणसाच्या डोक्यावर सिमेंट. अम्मा हे आठवून दोन दिवस हसत होती. मी हसले नाही असं लिहिणार होते, पण हसले.

कारखाना चालू आहे. मागच्या मातीच्या ढिगाऱ्यावर गवत वाढलंय, धुराड्याला दोन लोखंडी पट्टे घालावे लागले, पण चालू आहे. तू गेलास तेव्हा एकशे अठरा जण होतो, आज चौऱ्याण्णव आहोत. काही वयाने गेले, काही आखातात गेले. काढलं कुणालाच नाही.

तुला आठवतं का, मी चौदा वर्षांची असताना तुझा पेजेचा डबा घेऊन यायचे? बायकांनी भट्टीच्या माथ्यावर चढायचं नाही असा तेव्हा नियम होता. बायकांनी माती तुडवायची, कच्ची कौलं वाहायची, भाजलेली बाहेर काढायची. वर जायचं ते पुरुषांनी. कारखान्याचा मालक, मुदलाळी, जेवायला घरी गेला की तू मला हळूच वर ओढून घ्यायचास. पाय पोळू नयेत म्हणून तुझ्या लाकडी खडावा घालायला द्यायचास, ओला पंचा माझ्या तोंडाला गुंडाळायचास आणि लाकूड टाकायच्या भोकावरचं लोखंडी झाकण चिमट्याने सरकवायचास. आत जाळ नुसता धावत असायचा. तू म्हणायचास, "नीट बघ. लाल मिरचीचा रंग गेला आणि पिकलेल्या सुपारीचा आला, की या कप्प्यात लाकूड बंद. जाळ पुढच्या कप्प्यात न्यायचा. आधी नेलास तर कौल कच्चं, उशीर केलास तर वाकडं." मग पेज पिताना माझी परीक्षा घ्यायचास. मी चुकले की खारवलेल्या माशाचा मोठा तुकडा तुझा, बरोबर आले की माझा. तुला वाटायचं, लहान बहिणीला गंमत दाखवतोय.

पुढचं सगळं तुझ्या डोळ्यांपुढचंच, तरी लिहिते, कारण त्याबद्दल आपण दोघं कधी धड बोललोच नाही. मुदलाळीने बोनसच्या भांडणात कारखान्याला कुलूप लावलं आणि तो निघून गेला. चौदा महिने आपण फाटकाशी बसलो. तू नऊ दिवस तुरुंगात होतास आणि सुटून आलास तेव्हा अंगणातूनच अम्माला विचारलंस, "खायला काय आहे?" घरात फक्त टॅपिओकाचे कंद होते. मग आपल्या कामगारांची सोसायटी झाली, सरकारने कारखाना आपल्या ताब्यात दिला आणि तू भट्टी पेटवलीस. धुराड्यातून पहिला धूर निघाला तेव्हा नदीपलीकडची माणसंसुद्धा काठावर येऊन उभी राहिली होती. पहिल्या सभेत सगळ्यांना सारखा पगार असा ठराव आला. तो कुणी मांडला होता, एट्टा? तूच मांडला होतास. भट्टीचा मेस्त्री असून, मुदलाळीकडे आमच्या दुप्पट पगार घेणारा तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मला नारायणीएवढं द्या. तिने माती तुडवली नाही तर मी काय भाजणार, माझं डोकं?" किती टाळ्या पडल्या होत्या. मी तेव्हा कमिटीवरची एकटी बाई होते. त्या दिवशी मला वाटलं होतं, पक्षाच्या अभ्यासवर्गात फळ्यावर लिहिलेलं सगळं आता चेरुकडवात चालत-बोलत येणार.

आणि आलंही, दोन वर्षं. मग कुंजंबू आला. म्हणजे तो होताच, पण त्याच्याकडे आपलं लक्ष गेलं. कौलं दाबायच्या साच्यावरचा कुंजंबू सकाळी सातला हजेरी लावायचा आणि अकराला गळ घेऊन नदीवर बसायचा. त्याला कुणी काही म्हटलं की म्हणायचा, "कारखाना आपला आहे ना? मग माझ्या वाटणीचा तुकडा जरा विश्रांती घेतोय." लोक हसायचे. तू हसत नव्हतास. तू उन्हात, जाळावर, तापल्या विटांवर दहा तास उभा असायचास आणि वरून तुला तो नदीकाठी बसलेला दिसायचा. त्याचं बघून आणखी चौघे बसू लागले. साच्यावरून कौलं कमी येऊ लागली आणि भट्टीचे कप्पे अर्धे रिकामे भाजावे लागले.

तू सभेत दोन गोष्टी मागितल्यास. जो काम करत नाही त्याचा पगार कापा आणि भट्टीच्या माणसाला वेगळा भत्ता द्या. दुसरी गोष्ट तू स्वतःसाठी मागत नव्हतास, हे मला आज कळतं. तुझ्या हाताखाली शिकायला कुणीच तयार नव्हतं. त्याच पगारात साच्यावर सावलीत बसता येत असताना भट्टीवर कोण भाजून घेईल? पण तेव्हा मला फक्त एवढंच ऐकू आलं, की ज्याने सारखा पगार मांडला तोच आता तो मोडायला निघालाय. मी उठले. मी म्हणाले, "एट्टा, माणसं कामाला लागावीत म्हणून पगार कापायचा, हे आपल्याला आधी कुणी शिकवलं होतं? मुदलाळी तर गेला. पण तुझ्यात शिरून परत आलाय." तू माझ्याकडे बघितलंस, रागाने नव्हे, जसं कौल उचलून तडा शोधतात तसं. मग मतं पडली. तुझ्या बाजूने एकतीस हात. तू बाहेर गेलास आणि चौथ्या दिवशी वहिनींना आणि मुलांना घेऊन कुंदापूरची गाडी धरलीस. तिकडच्या कौलांच्या कारखान्याच्या मालकाने तुला कधीपासून बोलावणं पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. बोलावणं वर्षभर खिशात असताना तू इथे उभा होतास, हेही नंतरच कळलं.

तू गेल्यावर काय झालं ते कुणी तुला सांगितलं नसेल, सांगायला आम्हाला लाजच वाटत होती. तुझ्या हाताखाली नुसतं लाकूड टाकणाऱ्या दोघांनी भट्टी चालवली आणि लागोपाठ तीन कप्पे वाया गेले. एका शाळेच्या छपराची कौलं होती. पहिल्या पावसात ती पाणी प्यायली आणि विरघळल्यासारखी खाली आली. शाळेला सुट्टी होती म्हणून कुणाला लागलं नाही. सगळी कौलं गाडीत घालून परत आली. आमच्या बायकांनी ती उतरवली. स्वतः तुडवलेली माती पुन्हा माती होऊन हातात येत होती. नारायणी त्या ढिगावर बसून रडली. मग कमिटीतले तिघे तुला आणायला कुंदापूरला आले. मी आले नव्हते. माझ्यात हिंमत नव्हती. तू त्यांना पोटभर जेवायला घातलंस आणि म्हणालास, "कार्त्यायनीला विचारा. ज्याच्यात मुदलाळी शिरलाय तो तुमच्या काय कामाचा?"

ते निरोप घेऊन परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पंचा ओला केला आणि शिडी चढले.

कणारन खालून ओरडला, "ए पोरी, उतर! ते काय पेजेचं मडकं वाटलं का तुला?" मी म्हणाले, "कणारेट्टा, मडक्यातली पेज वीस वर्षं शिजवतेय, एकदाही कच्ची राहिली नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून तीन कप्पे कच्चे काढलेत." खाली बायका हसल्या, आणि मग दोघीतिघी शिडीशी येऊन उभ्या राहिल्या, मला कुणी ओढून उतरवू नये म्हणून. खरं सांगते, पहिला कप्पा माझाही बिघडला. दुसरा निम्मा बिघडला. "आता पुरे" म्हणायला सगळे टपलेले होते. तिसरा कप्पा उघडला तेव्हा मी पुढे झालेच नाही. साच्यावरच्या वल्सलाने एक कौल उचललं आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज आला. तिने दुसरं वाजवलं, मग तिसरं. मग सगळ्याच बायका कौलं वाजवायला लागल्या. कणारन हातात पान धरून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "अच्युतनची बहीण आहे, दुसरं काय होणार." मला त्याचा राग आला होता, एट्टा. आज येत नाही.

कुंजंबूचं काय झालं, हे ऐकायला तुला आवडेल. त्याचा पगार आम्ही कापला नाही. पण एका सकाळी साच्यावरच्या बायकांनी त्याच्याबरोबर काम करायला नकार दिला. वल्सला म्हणाली, "तुझ्या वाटणीचा तुकडा विश्रांती घेतोय ना? आमच्या वाटणीचे सगळे तुकडे आज तुझ्याशी बोलणार नाहीत." आठ दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही, चहाच्या टपरीवरसुद्धा. नवव्या दिवशी तो कमिटीपुढे येऊन बसला आणि म्हणाला, "कापायचा तर पगार कापा बाबांनो, पण बोला." मग कळलं, की साच्याच्या यंत्राच्या आवाजाने त्याचं डोकं ठणकायचं, पण पुरुषासारखा पुरुष हे सांगणार कसा? नदीवरून लाकडाचे पडाव, त्या मोठ्या होड्या, आणायच्या कामावर त्याला टाकला. नदीचं वेड होतंच. आज त्याच्याइतका नेटाने काम करणारा माणूस कारखान्यात नाही, आणि तोच आता उशिरा येणाऱ्यांना शिव्या घालतो. प्रत्येकाचं असं झालं नाही. त्याचं बघून बसणाऱ्या त्या चौघांतले दोघे कधीच सुधारले नाहीत, आम्ही त्यांना तसंच वागवलं, जसं घरातल्या एखाद्या आळशी काकाला वागवतात. एका सेक्रेटरीने मेहुण्याला कारकून म्हणून आत घुसवला, त्याला त्या खुर्चीवरून हलवायला दोन वर्षं गेली. सभा इतक्या लांबतात की माती वाळून जाते. एखादं मशीन घ्यायचं तर मुदलाळीने जे एका दुपारी ठरवलं असतं त्याला आम्हाला आठ महिने लागतात. हे सगळं तू आधीच सांगितलं होतंस. म्हणून लिहिते, की तुझं बरोबर होतं.

पण एक गोष्ट तूही सांगितली नव्हतीस आणि मलाही दिसली नव्हती. चौऱ्याऐंशी साली स्लॅबमुळे कौलांची मागणी एकदम बसली. गोदामात कौलांच्या थप्प्या छतापर्यंत गेल्या. सभेत कुणीतरी भीत भीत म्हणालं, तीस माणसं कमी करावी लागतील. मग कोण तीस, असा प्रश्न आला. कणारन उभा राहिला. त्याला सभेत बोलताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "आठवड्याला चार दिवस काम करू. सगळेच अर्धपोटी राहू. मला तरी एकट्याने उपाशी राहायला भीती वाटते." एकही हात विरोधात गेला नाही. दीड वर्ष आम्ही चार दिवस काम केलं. उरलेल्या दिवसांत कुणी सुपारी सोलायला गेलं, कुणी मासे विकले. त्याच दिवसांत वल्सलाच्या डोक्यात आलं, की छपरं सिमेंटची झाली तरी त्या सिमेंटखाली माणसं उकडतात. स्लॅबवर टाकायच्या पोकळ फरश्या आपल्या मातीच्या का करू नयेत? तिने साचा लाकडात कोरून आणला. आज निम्मी भट्टी त्या फरश्यांची असते. तुझ्या गच्चीवर त्या टाकल्यास तर दुपारी खाली झोपता येईल, वहिनींना विचार.

गेल्या वर्षी कॉलेजातले एक सर विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. वहीत लिहीत विचारत होते, हा प्रयोग यशस्वी झाला असं म्हणता येईल का, साम्यवाद प्रत्यक्षात चालतो का, की शेवटी माणूस स्वार्थीच. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण कमिटीवर मी. कुंजंबू पडावावरून उतरला होता, पाय धुता धुता म्हणाला, "सर, चालतो की नाही ते आम्हाला माहीत नाही. पण आम्ही उद्या सकाळी सातला येणार आहोत. तुम्ही या, बघा." सरांनी ते लिहून घेतलं नाही.

आता वहिनींच्या कार्डाबद्दल. त्यांनी ते तुला न सांगता टाकलं, त्यांच्यावर रागावू नकोस. दोनच ओळी होत्या. तुझा कारखाना दिवाळीच्या आधी बंद झाला आणि तू तेव्हापासून कुणाशी बोलत नाहीस. मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, असं काही कळलं तर माझं मन आतून म्हणेल, बघ, मी सांगितलं होतं. तसं काही झालं नाही. तिकडे यंत्रं चांगली होती, माल वेळेवर जात होता, तुला मान होता, तुझी मुलं शिकली, हे सगळं खरं. मालक वाईट माणूस नव्हता असंही अम्मा सांगायची. त्याने हिशेब मांडला आणि कौलांपेक्षा नदीकाठची जमीनच जास्त मोलाची निघाली. जमीन विकली. आमचीही जमीन नदीकाठचीच आहे, एट्टा. तिच्यासाठीही लोक येऊन गेले. पण ती विकायची तर चौऱ्याण्णव जणांना हात वर करावा लागेल, आणि त्या हातांची घरं इथून हाकेच्या अंतरावर आहेत. आमचं शहाणपण तिकडच्यापेक्षा मोठं आहे असं मी म्हणत नाही. आम्हाला जायला दुसरी जागा नाही एवढंच, आणि ते पुरलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला चार दिवस लागलेत. बारा वर्षं मी भट्टीवर आहे. या बारा वर्षांत मी कुणालाही ते काम शिकवलं नाही. विचारलं की म्हणायचे, "थांब, पुढच्या वर्षी," "तुला झेपणार नाही," "आधी लाकूड टाकायला शीक." वल्सलाने तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "कार्त्यायनी, माती सगळ्यांची, साचे सगळ्यांचे, मग आग तेवढी तुझी एकटीची का?" मी तिच्यावर ओरडले. घरी आले आणि अम्माच्या पाटावर बसून राहिले. सगळे सारखे म्हणताना मला आवडत होतं, की एका जागी फक्त मीच लागते. माझ्याशिवाय कारखाना चालत नाही, हे कणारनच्या तोंडून ऐकायला मला आवडत होतं. पगारात मोठेपणा मिळत नव्हता, म्हणून मी तो दुसरीकडून घेत होते. मुदलाळी तुझ्यात शिरला असं मी भर सभेत म्हणाले, आणि तो माझ्यात राहायला आला ते मला दिसलंसुद्धा नाही. ते वाक्य मी परत घेते. गेल्या महिन्यात सभेतही परत घेतलं, सगळ्यांसमोर, जिथे बोलले होते तिथेच. त्याच सभेत मी ठराव मांडला, की भट्टीवर काम करणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला वेगळा भत्ता मिळावा. कुणीतरी मागून टोमणा मारला, "बाईंना आता पैशांची आठवण झाली." मी म्हणाले, "मला नको. माझ्यानंतर वर चढेल त्याला द्या." दोन दिवस भांडण चाललं आणि ठराव पास झाला. तुझाच ठराव, बारा वर्षं उशिरा. सेक्रेटरीने सभासदांचं जुनं रजिस्टर काढलं, त्यात तुझं नाव होतं. कुणी ते खोडलंच नव्हतं. तुला परत बोलवायचं का असं विचारल्यावर सगळ्यात आधी कुंजंबूचा हात वर गेला, मग बाकीच्यांचे.

सभेला माहीत नाही असं एक आहे, ते फक्त तुला सांगते. माझे डोळे गेलेत, एट्टा. दोन्हींत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, जाळाकडे बघून बघून इतक्या लवकर आला. वर्षभर मला सगळंच पिवळं दिसतंय आणि जाळाचे रंग वेगळे ओळखू येत नाहीत. गेले पाच कप्पे मी लाकडाचा आवाज ऐकून आणि घाम किती येतो त्यावरून भाजले. नशीब म्हणून चांगले निघाले. रोज छपराखाली झोपणाऱ्या माणसांची कौलं अशी भाजायची नसतात, हे तूच शिकवलंस. वीस तारखेला मंगळूरला ऑपरेशन आहे आणि त्यानंतर भट्टीवर पुन्हा चढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून भट्टी अठराला विझवायची असं मी सांगितलंय, दुरुस्तीचं निमित्त करून. ती पुन्हा कोण पेटवणार, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण मला ते माहीत नाही. वल्सला आणि तिच्याबरोबर काम करणारी आमिना शिकायला तयार आहेत. दोघी हुशार आहेत आणि दोघी उलट बोलतात, तेव्हा तुला करमेल. तुला बोलावून मी तुझ्यावर उपकार करत नाहीये आणि सोसायटीही करत नाहीये. मला तू हवा आहेस आणि मी एवढ्या वर्षांत ते म्हणायला शिकले नव्हते. मंगळूरहून कण्णूरकडे जाणारी गाडी इथे सकाळी अकराला येते. अठरा तारखेला मी स्टेशनवर उभी असेन. मला लांबून चेहरा दिसणार नाही, तेव्हा उतरलास की तूच हाक मार.

तुझीच,
कार्त्यायनी